तिच्या नऊ वाजता

"मी वेळेवर आहे. तू नाहीस." हे वाक्य सोमवारी दुपारी एक वाजून बत्तीस मिनिटांनी माझ्या पडद्यावर उमटलं तेव्हा मी डब्यातला शेवटचा घास तोंडात घातला होता, आणि तो तसाच गालात धरून मी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. म्हणजे वाक्य मला नव्हतं, सोबतीला होतं. सोबती हा आमच्या ऑफिसचा चॅटबॉट. मी बनवलेला. अकरा देशांतल्या सहाशे माणसांना तो रोज, त्यांच्या त्यांच्या घड्याळात नऊ वाजले की, विचारतो, 'सुप्रभात, आज काय करणार?' साडेनऊपर्यंत उत्तर आलं तर त्या माणसाच्या नावापुढे हिरवा ठिपका पडतो, नाही आलं तर लाल. एका तिमाहीत तीन लाल झाले की पत्र आपोआप सुटतं, एक त्या देशातल्या कर्मचारी विभागाला आणि एक त्या माणसाला. माणसाला जाणारं पत्र माझ्या हातचं आहे. ते 'अरेरे!' असं सुरू होतं आणि त्याच्या शेवटी एक पिवळं फूल आहे. फूल ठेवावं की नाही यावर चाळीस मिनिटांची बैठक झाली होती, आणि फुलाच्या बाजूने मी बोललो होतो. चांगला बोललो होतो, लोकांनी मान डोलावली होती.

सोबतीला वाक्याचा अर्थ कळत नाही. सकाळच्या प्रश्नानंतर जे काही येईल ते तो त्या माणसाचं आजचं काम समजतो. त्यामुळे त्याने उत्तर दिलं, 'छान! आजचं काम नोंदवलं.' तिकडून आलं, "घड्याळ बघ." 'मस्त! आणखी काही?' "माझ्या भिंतीवर नऊ वाजलेत." 'मस्त! आणखी काही?' मग तिकडून काही आलं नाही. ऑफिसच्या दप्तरी त्या दिवशी तिचं काम असं नोंदलं गेलं: मी वेळेवर आहे, तू नाहीस, घड्याळ बघ, माझ्या भिंतीवर नऊ वाजलेत. मी घास गिळला. त्याला चव नव्हती, पण ती पहिल्यापासूनच नव्हती, डबा मीच भरला होता.

तिला मी कधी पाहिलेलं नाही. तिच्या नावापुढच्या गोल चौकटीत चेहऱ्याऐवजी एका किटलीचा फोटो आहे, म्हणून आमच्या इथे ती किटलीबाई. यंत्रांबरोबर ज्या पुस्तिका येतात, कुठला स्क्रू कुठे आणि कुठे हात घालू नये वगैरे, त्या छापायच्या आधी तपासायचं काम ती करते, वर्षावर्षाच्या करारावर. सहाशे माणसांत सोबतीला मनापासून उत्तर देणारी ती एकटी. बाकीच्यांसाठी मी 'नेहमीचंच' असं एक तयार बटण ठेवलंय, ते ते अंथरुणातूनच दाबतात. ती फोनवर सोबती घेत नाही, टेबलापाशी बसते आणि लिहिते. "आज पान बेचाळीस ते साठ. एक्केचाळिसाव्या पानावरच्या बाणावर माझा अजून विश्वास नाही." किंवा, "पुस्तिका म्हणते पंपाला दोन झाकणं आहेत. पंप म्हणतो एक. पंपाचं ऐकणार आहे." मी सकाळी चहा घेताना हे वाचायचो, जसं कुणी पेपरातलं कोडं वाचतं. तिने मला कधी काही लिहिलं नव्हतं आणि मीही तिला नाही, आणि तरी त्या ऑफिसात मला कुणी ओळखीचं असेल तर ती होती. आता तिच्या नावापुढे तिसरा लाल ठिपका होता, पत्र सुटलेलं होतं आणि बुधवारी तिची बैठक लागली होती. अशा बैठका मला माहीत आहेत. त्यांचा मथळा 'पुढील वाटचाल' असा असतो, आणि त्यानंतर त्या माणसाची वाटचाल दुसरीकडे सुरू होते.

काय झालं होतं ते कळायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट. तिच्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात, उन्हाळ्यासाठी तासभर पुढे आणि हिवाळ्यासाठी तासभर मागे. रविवारी ती मागे गेली होती. सोबतीला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. माणूस कुठल्या वेळेत राहतो हे ओळखायचं कसं, यावर मी सहा महिन्यांपूर्वी महिनाभर डोकं घातलं होतं. जगात चोवीस वेळा असतील अशी माझी समजूत होती. यादी काढली तर चारशेच्या वर नावं निघाली. अर्ध्या तासाचे देश होते, पाऊण तासाचे होते. एका बेटाने तर एकदा एक अख्खा शुक्रवारच कॅलेंडरमधून काढून टाकला होता, माणसं गुरुवारी झोपली आणि शनिवारी उठली. त्या शुक्रवारी कुणाला उशीर झाला असेल तर ठिपका कुठे लावायचा, असं मी बैठकीत विचारलं होतं आणि कुणी हसलं नव्हतं. सरळ रस्ता एकच होता, माणसाला विचारायचं. साहेब म्हणाले होते, "माणसाला वेळ विचारू नये. तो सोयीची सांगतो." म्हणून मी प्रत्येकाच्या खात्यात पाहिलं, तो माणूस आपल्यापेक्षा किती तास पुढे-मागे आहे तो आकडा उचलला आणि लिहून ठेवला. शहराचं नाव लिहिलं असतं तर घड्याळ सरकल्याचं सोबतीला आपोआप कळलं असतं. मी नाव सोडून दिलं आणि आकडा ठेवला. शुक्रवार होता, संध्याकाळ होती, आणि आकडा लहान होता.

शेजारी टेस्टरताई बसतात. मी जे बनवतो ते मोडून बघणं ही त्यांची नोकरी, आणि ती त्या घरचं कार्य असल्यासारखी करतात. "काय रे, भूत बघितलंस का?" त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"किटलीबाईंना पत्र गेलं."

"कुठलं, फुलाचं?"

"फुलाचं. सोबतीने त्यांना त्यांच्या आठ वाजता विचारलं. त्या नऊला येऊन बसल्या."

टेस्टरताईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "घड्याळं मागे गेली तर काय, असं मी तुला विचारलं होतं. तू काय म्हणालास आठवतंय? म्हणालास, ताई, घड्याळं मागे जात नाहीत."

"आठवतंय."

"एकट्या त्याच की आणखी कुणी?"

"त्या देशात एकोणीस जण आहेत. अकरांनी पलंगावरून बटण दाबलं. आठ लाल झाले. सातांचा पहिला किंवा दुसरा आहे."

"आणि त्यांचा तिसरा." त्यांनी माझ्या पडद्याकडे बोट दाखवलं. "मग खोड की. सगळं तुझ्याच हातात आहे ना?"

"ठिपका खोडता येईल. पत्र पोचलंय."

"मग जा, साहेबांना सांग. आणि मला आधी सांगितलंस हे सांगू नकोस. शुक्रवारी नणंद यायचीये माझी, सुट्टी मंजूर व्हायचीये अजून."

आकडा काढून नाव ठेवायला मला दहा मिनिटं लागली. टेस्टरताईंनी तपासलं, मोडलं नाही. सहा महिने मला दहा मिनिटं मिळाली नव्हती.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर चार घड्याळं आहेत आणि प्रत्येकाखाली एका शहराचं नाव. चारही एकच वेळ दाखवतात, कारण सेल बदलणाऱ्या माणसाला ती वेगळी असायला हवीत हे कुणी सांगितलेलं नाही, आणि साहेबांना ते कधी खटकलेलं नाही. मी सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत हे लिहून ठेवायला हवं. माझ्या बहिणीच्या लग्नाला त्यांनी मला आठ दिवस सोडलं होतं आणि परत आल्यावर फोटो बघितले होते, सगळे. "हे बघ राजा," ते म्हणाले, "चूक कुणाची?"

"माझी."

"सोबतीची नाही ना?"

"सोबती म्हणजे मीच ना, साहेब."

"नाही. सोबती म्हणजे सोबती. तू म्हणजे तू. गुरुवारी वरचे लोक सोबती बघायला येणार आहेत. त्यांना आपण काय कळवलंय? सोबती चुकत नाही. आता कळवायचं, की सोमवारी तो चुकला?"

"चुकला आहे."

"सुधारलास?"

"सुधारला."

"मग संपलं. उद्यापासून बरोबर. झालं ते कालचं."

"आजचं आहे, साहेब."

"आज, काल, तेच ते." मग ते पुढे झुकले आणि आवाज खाली आला. "त्यांचे आधीचे दोन लाल खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"मग?"

 तिचे आधीचे दोन ठिपके मी तपासले होते. खरेच होते. एकदा ती पावणेदहाला आली होती आणि एकदा आलीच नव्हती, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पानं घेऊन बसली होती. ती अगदी निर्दोष निघाली असती तर मला बरं वाटलं असतं, माझं काम सोपं झालं असतं. का उशीर झाला हे तिने लिहिलं नव्हतं, कारण का ते लिहायला सोबतीत जागाच नाही. जागा मी ठेवलेली नाही. मी त्या चार घड्याळांकडे बघत होतो, चारही पावणेचारच सांगत होती, आणि मला आमच्या जुन्या घराच्या खिडक्या दिसल्या, जाड तपकिरी कागद चिकटवलेल्या. बाबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. भट्टी विझवायची नसते म्हणून रात्रपाळी, आणि ती पाळी बाबांना अकरा वर्षं चिकटली. त्यामुळे आमच्या घरात दिवसा रात्र असायची. आई सकाळी आठला खिडक्या बंद करायची, दिवा मालवायची आणि म्हणायची, रात्र झाली. मग मी आणि बहीण हातवारे करून भांडायचो. दारावर कुणी विकायला आलं तर आई दार इतकं उघडायची की फक्त तिचं नाक बाहेर जाईल, आणि कुजबुजायची, "आमच्याकडे रात्र आहे." समोरचा माणूस रणरणत्या उन्हात उभा असायचा, पण तोही कुजबुजायचा, "बरं, मग सकाळी येतो," आणि संध्याकाळी सातला यायचा. कुणीही वाद घातल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी बाबा दात घासायचे, चहा घ्यायचे, पेपर उघडायचे आणि जो दिवस सगळ्या गावाने वापरून संपवला होता त्याच्याबद्दल विचारायचे, आज काय विशेष? चौथीत मला 'माझा दिनक्रम' असा निबंध होता. मी लिहिलं, आम्ही संध्याकाळी सात वाजता बाबांबरोबर नाश्ता करतो. मास्तरांनी लाल शाईने खाली लिहिलं, 'चूक. नाश्ता सकाळी करतात.' मी ते सुधारलं. पाच वेळा, शिक्षा म्हणून, छान अक्षरात. पाचव्या वेळेपर्यंत मलाही ते पटलं होतं. आईने वही बघितली, कणकेचे हात पदराला पुसले आणि एवढंच म्हणाली, "मग तुझे बाबा काय करतात सात वाजता?"  वहीत मला दहापैकी आठ मिळाले होते.

"मग काही नाही, साहेब," मी म्हणालो. "दोन खरे आहेत. तिसरा खोटा आहे. तीन झाल्याशिवाय पत्र जात नाही, हा नियम आपलाच."

"एक ठिपका आहे रे. माणसं मरत नाहीत ठिपक्याने."

"मग माझ्या नावापुढे लावा."

"बनवणाऱ्यांच्या नावापुढे ठिपके नसतात," साहेब शांतपणे म्हणाले. "तूच तसं बनवलंयस." आणि ते खरं होतं. सहाशे माणसांच्या यादीत माझं नाव नाही. मला नऊ वाजता कुणी काही विचारत नाही. मी साडेदहाला येतो, कधी पावणेअकराला, आणि लोकांच्या साडेनऊची राखण करतो.

जागेवर येऊन बसलो. ठिपका गुपचूप खोडून टाकायचा, कर्मचारी विभागाला बिननावी दोन ओळी लिहायच्या, असे सभ्य मार्ग बरेच सुचत होते. सभ्य मार्ग मला नेहमी चटकन सुचतात, निबंध सुधारणाऱ्या मुलाला ते सुचायचेच. पण चूक सोबतीने अख्ख्या देशासमोर केली होती, फुलासकट. मी सोबतीचा उद्याचा प्रश्न उघडला आणि पुसला. त्या जागी लिहिलं: 'सुप्रभात. सोमवारी मी आठ जणांना चुकीच्या वेळी प्रश्न विचारला आणि त्यांना उशीर झाला असं ठरवलं. ते वेळेवर होते. त्यांतल्या एकांना पत्रही गेलं. चूक मला बनवणाऱ्याची आहे. आज काम विचारत नाही. तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते धरलं जाईल.' फूल घातलं नाही. टेस्टरताईंनी शेजारून वाचलं, सावकाश, दोनदा. "एक जागा जास्त सुटलीये दुसऱ्या ओळीत," त्या म्हणाल्या. मी जागा काढली आणि सहाला घरी गेलो. ज्या देशात नऊ सगळ्यात आधी वाजतात तिथून तो संदेश सुटणार होता आणि देश ओलांडत, प्रत्येकाच्या नऊची वाट बघत, पश्चिमेकडे जाणार होता. तिच्या नऊला, म्हणजे आमच्या दीडला, तो तिच्या टेबलावर पोचणार होता. मी गाढ झोपलो. याची मला अजून थोडी लाज वाटते.

मंगळवारी मी मुद्दाम नऊला ऑफिसात हजर झालो. रात्रभरात पूर्वेकडची उत्तरं साठली होती. 'नऊ. का?' 'नऊ वाजून एक.' 'घड्याळ बंद आहे, पण भूक लागलीये, म्हणजे अकरा असतील.' 'माझी पाळी आत्ता संपली, तुमची सुप्रभात तुम्हीच ठेवा.' एकाने लिहिलं होतं, 'मी चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या देशात बदलून आलो. सोबती मला रोज पहाटे चारला विचारतो. मला वाटलं इकडे नियमच असेल.' चार महिने त्या माणसाच्या नावापुढे न चुकता हिरवा ठिपका होता. मी ते उत्तर पुन्हा वाचलं. हिरव्या ठिपक्यांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

दहाला साहेब आले. त्यांच्या हातात फोन होता आणि फोन हातात असूनही ते त्याच्याकडे बघत नव्हते, यावरून मी काय ते ओळखलं. "थांबव," ते म्हणाले.

"थांबवतो. दीडनंतर."

"आत्ता थांबव."

"दीडला त्यांचे नऊ वाजतात, साहेब."

"मी तुला काय सांगतोय?"

मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. दुसरं काही धाडसाचं मला सुचलं नाही. हात मोकळे राहिले असते तर ते सवयीने थांबवायच्या बटणाकडे गेले असते, त्यांचा भरवसा नव्हता. साहेब टेस्टरताईंकडे वळले. "ताई, तुम्ही थांबवा हे."

टेस्टरताईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. नऊ वर्षं त्या इथली प्रत्येक गोष्ट चालू-बंद करत आल्या आहेत. "मला नाही हो येत, साहेब," त्या म्हणाल्या. शुक्रवार, नणंद आणि सुट्टी, सगळं त्या एका वाक्यात गेलं आणि त्यांनी तिकडे वळूनही बघितलं नाही.

साहेबांनी संगणकांचं जाळं सांभाळणाऱ्या विभागाला फोन लावला, माझा प्रवेश बंद करा म्हणून. तिकडचा माणूस म्हणाला, करतो की, अर्ज टाका. अर्ज सोबतीतून टाकायचा असतो, ती सोय गेल्या महिन्यातच झाली होती, साहेबांच्याच आग्रहाने. साहेबांनी उभ्याउभ्या फोनवर सोबती उघडला आणि अर्ज टाकला. सोबती म्हणाला, 'धन्यवाद! तुमच्याकडे किती वाजलेत ते नोंदवलं.' साहेबांनी तेच पुन्हा टाकलं, ठळक अक्षरांत. सोबतीने तेही नोंदवलं. मला हसू आलं नाही. 

"किती वेळ असा बसणार आहेस?" साहेबांनी विचारलं, आणि त्यात राग कमी आणि कुतूहल जास्त होतं.

"साडेतीन तास."

"मला सही करावी लागेल तुझ्या कागदावर. कळतंय का तुला?"

"कळतंय."

ते जाऊन खुर्ची घेऊन आले आणि माझ्याजवळ बसले. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत बसलो. बाराच्या सुमाराला टेस्टरताईंनी डबा उघडला, साहेबांपुढे धरला, त्यांनी घेतलं, माझ्यापुढे धरला, मला हात काढता येईना म्हणून त्यांनी मला भरवलं. साहेब दुसरीकडे बघत राहिले. मधे एकदा ते म्हणाले, "त्यांनी पत्राचं मनावर घेतलं नसेल तर? तू उगाच..." मलाही ते वाटून गेलं होतं. कदाचित तिला ती नोकरी नकोच असेल. असू दे. नकोशी नोकरीसुद्धा माणसाने आपल्या हाताने सोडावी, माझ्या शुक्रवार संध्याकाळच्या आकड्यामुळे नाही.

दीडला संदेश सुटला. एकोणीस जणांना, त्या देशातल्या कर्मचारी विभागाच्या बाईंना, सगळ्यांना एकदम. एक चौतीसला किटलीपुढे अक्षरं आली. "नऊ वाजून चार. माफी वाचली. माफीने पत्र परत जात नाही. पत्र परत घ्या, मग पुढचं बोलू." सोबती म्हणाला, 'धन्यवाद! तुमच्याकडे किती वाजलेत ते नोंदवलं.' पाठोपाठ कर्मचारी विभागाच्या बाईंचं आलं, त्यांना घड्याळात रस नव्हता. "तिसरा ठिपका चुकीचा असेल तर तो कुणाच्या सांगण्यावरून काढायचा? कुणाचं नाव लिहू?" सोबतीने त्यांनाही धन्यवाद दिले.

मी हात बाहेर काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या, पहिल्या ओळीत तीन अक्षरं चुकली. सोबतीच्याच चौकटीत मी लिहिलं, 'हे सोबती नाही. मी तो बनवणारा आहे. घड्याळ मी चुकवलं, ते सोमवारी दुपारीच मला कळलं होतं. ठिपका काढा, पत्र परत घ्या. कुणाचं तरी नाव लागणार असेल तर माझं लिहा,' आणि खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. साहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांचा श्वास मानेला लागत होता. त्यांनी मला थांबवलं असतं तर मी थांबलो असतो का, मला माहीत नाही. ते म्हणाले, "'दुपारीच' काढ. ते कुणी विचारलेलं नाही." मी ते ठेवलं आणि पाठवलं.

सात मिनिटं काही आलं नाही. मग दोन गोष्टी एकदम आल्या. किटलीबाईंची उद्याची बैठक रद्द झाल्याचं त्यांना आणि मला कळवण्यात आलं होतं. आणि तीच बैठक, तीच वेळ, तोच 'पुढील वाटचाल' हा मथळा, पण आता बोलावलेल्यांमध्ये त्यांच्या जागी माझं नाव आणि साहेबांचं. खाली तीन बटणं होती: येणार, नाही येणार, कदाचित. ती मीच बनवली होती. साहेबांनी फोन काढला, बराच वेळ बघितलं आणि 'कदाचित' दाबलं.

मी 'येणार' दाबलं.